कोपरावरचा डाग गेला, पण आर्मगार्डमुळे नाही

तिरंदाजी शिकणाऱ्या माझ्या भाचीच्या डाव्या कोपरावर धनुष्याची दोरी, म्हणजे स्ट्रिंग, लागून पडणारा काळानिळा डाग अखेर गेला. मागच्या वेळी लिहिलं होतं, की साकोलीच्या बाजारातून लांब आर्मगार्ड (हाताला स्ट्रिंग लागू नये म्हणून बांधायचं कवच) शिवून आणलाय, आता काळजी नाही. डाग गेला नव्हता, चार बोटं वर सरकला होता. त्यामुळे या वेळी स्कोअर आणि ग्रुपिंग (बाण किती जवळजवळ लागले ते) बाजूला ठेवतो.

रेंज तीच. धान निघाल्यावर मोकळी पडलेली आमची बांधी, ३० मीटरवर तणसाच्या पेंढ्या आणि मागे उंच पार, म्हणजे बांध. धनुष्यही तेच, ६६ इंची रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं), २४ पौंडांचे लिंब. लिंब म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन भुजा, पौंड म्हणजे ते ओढायला लागणारा जोर.

आधी त्या आर्मगार्डबद्दल, कारण वस्तू खरंच देखणी झाली आहे. बाजारात मिळतो तो प्लास्टिकचा आर्मगार्ड मनगटापासून सुरू होतो आणि कोपराच्या अलीकडेच संपतो. जिथे लागतं तिथे तो नसतोच. जोडे शिवणाऱ्या काकांनी दुपदरी चामड्याचा करून दिला. कडा आत वळवल्या आणि शिवण आतल्या अंगाला घेतली, कारण वर उघडी शिवण राहिली की स्ट्रिंग तिथेच अडकते. पट्ट्यांची टोकंही आत खोचली. असा आर्मगार्ड कुठल्याच दुकानात मला मिळालेला नाही.

पण आर्मगार्ड मार झेलतो, मार का बसतोय ते सांगत नाही. ते डागाच्या जागेवरून कळतं. मनगटाजवळ लागत असेल तर ब्रेस हाइट, म्हणजे न ओढलेल्या स्ट्रिंगचं धनुष्याच्या मुठीपासूनचं अंतर, आधी बघा. हाताच्या मधोमध लागत असेल तर बहुधा ग्रिपमध्ये, म्हणजे धनुष्य धरण्यात, गडबड, तळहात जास्त आत शिरलेला असतो. कोपराच्या आतल्या खळग्याजवळ लागत असेल तर कोपर फिरलेलं नाही.

भाचीचं कोपर सरळ रेषेच्याही पलीकडे मागे वाकतं. या वयाच्या बऱ्याच मुलींचं वाकतं. हात ताणला की कोपराचा आतला भाग थेट स्ट्रिंगच्या वाटेत येतो. त्यासाठी चौकटीचा व्यायाम लावला. दाराच्या चौकटीवर खांद्याच्या उंचीला तळहात टेकायचा, तो जागचा हलू न देता फक्त कोपर फिरवायचं, खळग्याची घडी उभी होईपर्यंत. सुरुवातीला तिचा पंजाही सोबत फिरायचा. आता स्वयंपाकघरात जाता-येता चौकटीशी थांबते, ताई वैतागते, पण कोपर फिरतं.

त्याच सुमारास ब्रेस हाइट मोजली. नवी डॅक्रॉनची (सिंथेटिक धाग्याची) स्ट्रिंग वापरात आली की ताणते, आणि ताणली की ब्रेस हाइट उतरते. टी-स्क्वेअर (हे अंतर मोजायची पट्टी) लावला तर आठ इंचांच्याही खाली. ६६ इंची धनुष्याला साधारण सव्वाआठ ते पावणेनऊ पाहिजे. स्ट्रिंग काढून पीळ वाढवले, साडेआठवर आणली. धनुष्याचा आवाजच बदलला, आधीची फडफड जाऊन नेमका एक ठोका यायला लागला. बाण सुटल्यावर स्ट्रिंग आपल्या जागी लगेच थांबत नाही, पुढे जाऊन परत येते, शिवाय बोटांवरून निसटल्यामुळे आडवीही हलते. ब्रेस हाइट कमी असली की हे सगळं हाताच्या जास्त जवळ घडतं.

डाग फिका पडला. आणि मग थंडी वाढली तसा पुन्हा उमटला, या वेळी कोपराच्या वर, दंडावर. ताईने स्पष्ट सांगितलं, "पोरीच्या हाताचं काय करून ठेवलंस? पुरे झालं हे." तिचं बरोबर होतं. चौदा वर्षांच्या मुलीचा दंड जांभळा दिसत असेल तर कोणती आई गप्प बसेल?

कोड्यात टाकणारी गोष्ट ही, की दुपारच्या सरावात काहीच लागायचं नाही. कोपर तेच, ब्रेस हाइट तीच, दुपारी ठीक आणि सकाळी मार. मी ग्रिप तपासली, स्टान्स (उभं राहण्याची ढब) थोडा उघडा केला, मोबाइलवर स्लो मोशन घेतलं. धुक्यात त्यात काही दिसेना.

शेवटी पावडरीने काम केलं. आर्मगार्डवर आणि त्याच्या वर बाहीवर टाल्कम पावडर चोळली आणि तिला बाण सोडायला सांगितला. आर्मगार्ड पांढराच्या पांढरा. पण तिच्या मरून स्वेटरच्या बाहीवर, कोपराच्या वर, पावडर पुसून निघालेली एक बारीक सरळ रेघ. लोकरही तेवढ्यापुरती एका बाजूला आडवी झालेली. स्ट्रिंग थेट हाताला लागतच नव्हती, ती स्वेटरच्या फुगलेल्या बाहीत घुसून बाहीसकट दंडावर आदळत होती. दुपारी स्वेटर काढलेला असायचा, म्हणून दुपार निर्धोक.

सकाळी एखाददुसरा बाण उगाच भरकटायचा, त्याचंही कारण हेच. आम्ही रिलीजला, म्हणजे स्ट्रिंग सोडण्याच्या पद्धतीला, दोष देत बसलो होतो.

घरात कबड्डीचा एल्बो सपोर्ट पडला होता, तो स्वेटरच्या बाहीवरून चढवला, बाही चापून बसली. दुसऱ्या दिवशी ती शेवटचा बाण सोडून वळली आणि ओरडली, "मामा, आज लागलीच नाई!" त्या एका वाक्यासाठी सगळा हिवाळा वसूल झाला. ताईला दंड दाखवला, तिने अंगठ्याने दाबून पाहिलं आणि मग चहा ठेवला.

ज्यांच्याकडे पोरं-पोरी शिकत आहेत त्यांच्यासाठी: मार लागल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ धरा, लगेच तेल लावून चोळू नका, आणि डाग दुखतोय तोवर धनुष्य हातात देऊ नका. दुखऱ्या हाताने पोर बाण सुटायच्या आधीच हात आवरून घेते, आणि ती सवय डागापेक्षा जास्त दिवस टिकते.

बोटांचं थोडक्यात. नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला १५० पैकी १५० मारून विश्वविजेता झाला, बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने त्याच वर्षी शांघायच्या विश्वचषकात सुवर्ण घेतलं, दोघेही कम्पाउंडवाले (टोकांना चाकं असलेलं धनुष्य), तेव्हापासून इथली पोरं कम्पाउंडच मागतात. कम्पाउंडला स्ट्रिंग सोडायला रिलीज एड नावाचं छोटं यंत्र असतं, स्ट्रिंग बोटांवर येत नाही. आपल्या रिकर्व्हवाल्यांचा सगळा भार तीन बोटांवर, म्हणून टॅबमध्ये, म्हणजे बोटांवर घालायच्या संरक्षक तुकड्यात, कंजुषी करू नका. ऑनलाइन आलेला स्वस्त सिंथेटिक टॅब घामाने कडक झाला आणि भाचीच्या अनामिकेला फोड आला. चामड्याचा, मध्ये स्पेसर (दोन बोटांत अंतर ठेवणारा तुकडा) असलेला टॅब घ्या. स्पेसर नसला की तर्जनी आणि मधलं बोट नॉकला (बाणाच्या मागच्या टोकाची खाच) चिमटतात. मधल्या बोटाला मुंग्या येऊन बधिरपणा राहत असेल तर टेप लावून रेटू नका, सराव थांबवा.

कार्बनचा बाण दगडाला किंवा दुसऱ्या बाणाला आपटला की दोन्ही हातांनी हलका वाकवून, पीळ देऊन, कानाजवळ धरा. करकर आली की मोडून टाका. तडा गेलेला बाण सुटताना फुटू शकतो आणि धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. एवढ्या एका गोष्टीत मी कुणाचं ऐकत नाही, बाण कितीही महाग असो.

शिट्टीचे नियम आम्ही स्पर्धेसारखेच ठेवलेत. दोन शिट्ट्या, लाइनवर या. एक, बाण सोडा. तीन, बाण काढायला चला. सलग वाजत राहिली की धनुष्य खाली. ही सलग शिट्टी आमच्याकडे ढोरांसाठीच वाजते, बांधी मोकळी असली की ती कुठूनही येतात. बाणांकडे पळत जायचं नाही, चालायचं. पेंढीत रुतलेल्या बाणांचे नॉक लहान मुलांच्या बरोबर डोळ्यांच्या उंचीला येतात. बाण उपसतानाही मागे कुणी उभं नाही ना, ते बघूनच ओढायचा.

आता पुढचं. हे लिहायला बसलो तेव्हा ठरवलं होतं, की संक्रांतीनंतर २८ पौंडांचे लिंब घ्यायचे. लिहिता लिहिता विचार बदलतोय. जास्त पौंडांना तिचा खांदा वर चढेल, खांदा चढला की कोपर पुन्हा आत येईल. २४ पौंडांवरच आधी कोपर पक्कं होऊ दे. ते पैसे चेस्ट गार्डला (छातीवरचे कपडे स्ट्रिंगपासून दाबून ठेवणारा), कारण स्वेटरचा पुढचा भागही स्ट्रिंगला लागतो. जाळीचा विकत घेण्याआधी आपणच शिवून बघता येईल, डाव्या खांद्यावरून कोपरापर्यंत एकसंध, म्हणजे एल्बो सपोर्टही नको. ताईकडे शिलाई मशीन आहे, आणि सध्या ती माझ्यावर खूश आहे. पातळ, न फुगणारं, थंडीतही चालेल असं कापड कोणी वापरलं असेल तर कळवा, रविवारी बाजारात जाणार आहे.