उपकेंद्राच्या कपाटातलं तापमान

सॅन डिएगोत मला अकरा वर्षं झाली, तरी गावाकडून फोन आला की प्रश्न तोच असतो, "तू तिथं करते तरी काय वं?" मी सांगते, रक्ततपासणीच्या पट्ट्या बनवते. दिवस गेलेत का ते बघायची पट्टी असते ना, तशीच. थेंब टाकायचा आणि दहा मिनिटांनी रेघ बघायची. फक्त आमची रेघ सिकलसेल, हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार सांगते.

सिकलसेल काय असतं ते आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडच्या माणसाला समजवावं लागत नाही. माझा मामेभाऊ हिवाळ्यात गुडघे धरून रात्र रात्र रडायचा. आजी वात समजून मोहाचं तेल चोळायची. शाळेत तपासणी झाली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. नळीतल्या द्रावात रक्त टाकलं, ते गढूळ झालं, मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, म्हणजे दोष आहे. पण तो वाहक, म्हणजे एकाच पालकाकडून दोष आलेला, की दोघांकडून आलेला रुग्ण, हे त्या नळीला सांगता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या मदतीनं हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी, करावी लागते आणि त्याकरता नमुना जिल्ह्याला गेला. 'एसएस पॅटर्न', म्हणजे रुग्ण, असा रिपोर्ट हातात येईपर्यंत मामा त्याला दोनदा दवाखान्यात भरती करून आला होता.

हा सगळा खेळ एका अमिनो आम्लाचा, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या एका मण्याचा आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं की रक्तपेशी कोयत्यासारखी वाकते. पट्टीवर अँटीबॉडी असते, ठरलेल्या पदार्थालाच चिकटणारं प्रथिन; तिनं नेमका तेवढाच फरक ओळखायचा असतो. त्यात रक्तात हिमोग्लोबिन इतकं असतं, लिटरला साधारण १५० ग्रॅम, की थेंब तसाच टाकला तर अँटीबॉडीच्या सगळ्या जागा भरून जातात आणि उमटायला हवी ती रेघ उमटतच नाही. म्हणून आधी रक्त भरपूर पातळ करावं लागतं. किती पातळ, एवढं ठरवण्यात आमचे आठ महिने गेले.

आमच्या धंद्याची मुळं याच शहरात आहेत. १९७८ साली इथं हायब्रिटेक नावाची छोटी कंपनी निघाली. दोन मोनोक्लोनल, म्हणजे अगदी एकसारख्या बनवलेल्या, अँटीबॉडींच्या मध्ये शोधायचा पदार्थ पकडायचा, या पद्धतीचं पेटंट तिला १९८३ साली मिळालं आणि १९८६ साली अपिलाच्या न्यायालयात ते टिकलं. आजच्या कितीतरी तपासण्या त्याच तत्त्वावर चालतात.

माझ्या नावावर तीन पेटंटं आहेत. त्यातलं जवळचं एकच, त्याबद्दल सांगते. एका मे महिन्यात गावी आले होते. आमच्या उपकेंद्रातल्या आशाताईंनी लोखंडी कपाट उघडून दाखवलं. मी त्यात तापमान नोंदवणारं छोटं यंत्र आठवडाभर ठेवलं. दुपारी तीनला आत ४३ अंश! तपासणीच्या बहुतेक किटांवर २ ते ३० अंशांत ठेवा असं छापलेलं असतं. आशाताईंनी विचारलं, "मग ताई, आमी ठेवाची कुठं?" त्यांच्याकडे फ्रीज नव्हता.

तो प्रश्न घेऊन मी परत आले. पट्टीच्या बुडाशी एक तुकडा असतो, त्यात सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेली अँटीबॉडी वाळवून ठेवतात. रेघेचा लाल रंग त्या सोन्याचा. उन्हानं पहिली मान टाकते ती हीच अँटीबॉडी. प्रथिनांना वाळवताना साखरेचा आधार द्यावा लागतो, सुक्रोज किंवा ट्रेहॅलोजचा. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि म्हणूनच पेटंट तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं आमचा अर्ज पहिल्यांदा फेटाळला: यात नवं काय, या कामातल्या कुणालाही हे सुचलं असतं. आम्ही ४५ अंशांवर ठेवलेल्या पट्ट्यांचे आकडे लावले. नेहमीच्या मिश्रणाची रेघ पुसट होत गेली होती आणि आमची टिकली होती. शेवटी पेटंटमधले आमचे दावे मान्य झाले.

पेटंटवर शोधक म्हणून माझं नाव आहे, मालकी कंपनीची. नोकरीला लागतानाच तशी सही करून दिलेली असते, त्याचं मला काही वाटत नाही. वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. आंतरराष्ट्रीय अर्जानंतर भारतात अर्ज करायला सगळ्यात पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांची मुदत मिळते. कंपनीनं ती जाऊ दिली. तिथं बाजार नाही, असं बैठकीत सांगितलं गेलं. २०२३ च्या जुलैत भारतानं सात कोटी लोकांच्या सिकलसेल तपासणीची मोहीम सुरू केली, तेव्हा त्या बैठकीची मला फार आठवण झाली.

पण याची दुसरी बाजू आपल्या पोरांनी समजून घ्यायलाच हवी. पेटंट त्या त्या देशापुरतं असतं. भारतात घेतलं नाही, तर भारतात त्याचा हक्क नाही. आणि त्या कागदात कृती उघड लिहिलेली असते, लिहावीच लागते. अर्ज केल्यापासून १८ महिन्यांनी तो जगजाहीर होतो आणि मोबाइलवर फुकट वाचता येतो. विकायची परवानगी, अँटीबॉडीवरचे इतरांचे हक्क हे तपासावंच लागेल. पण आमची साखरेची कृती नागपुरात कुणीही वापरावी, अडवणारं कुणी नाही. नागपूर, अमरावती, गोंदियात बायोटेक शिकणाऱ्या मुलांना पुस्तकांइतकेच पेटंटचे कागद वाचायला शिकवले, तर किती काम इथंच उभं राहील!

मामेभावाची मुलगी आता नागपूरला एमएस्सी करते. बाप एसएस, म्हणून ती वाहक असणारच होती. आहे. मी तिला ते पेटंट पाठवलं. चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

"आत्या, तिसऱ्या उदाहरणात ३७ अंशांवर वाळवलं असं लिहिलंय. पण हवेतल्या ओलाव्याचं काय?"

तो तुकडा २० टक्क्यांहून कमी आर्द्रतेत वाळवायचा आणि पुडीत बंद होईपर्यंत तसाच कोरडा राखायचा असतो, मी म्हणाले. इथं त्यासाठी वेगळी खोली आहे.

"जुलैत आपल्या भिंतींना पाणी सुटतं," ती म्हणाली. "तेवढी एक खोली कोरडी करायला काय काय लागेल, सांग. मी लिहून घेते."