आमची वाटचाल: शॉकपासून लिंकपर्यंत

रिमोटवर चालणाऱ्या रॉक क्रॉलर (दगडांवर हळूहळू चढणाऱ्या छोट्या) गाड्यांचं सस्पेन्शन जुळवून देणं हे आमच्या छोट्या वर्कशॉपचं मुख्य काम. सुरुवात शॉकच्या, म्हणजे धक्के झेलणाऱ्या तेलाच्या नळ्यांच्या दुरुस्तीने झाली. गळणाऱ्या ओ-रिंग (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलायच्या, तेल भरायचं, गाडी परत द्यायची. पण शॉक ठणठणीत असूनही गाडी दगडावर चाक उचलत असेल, तर दोष बहुतेक वेळा लिंकमध्ये (चेसिस आणि अ‍ॅक्सल जोडणाऱ्या दांड्यांमध्ये) नाहीतर वजनात असतो. तिथूनच आमच्या कामाचा क्रम उलटा झाला. आता तेलाची बाटली सगळ्यात शेवटी उघडते.

१:१० मापाची (खऱ्या गाडीच्या एक-दशांश) गाडी टेबलावर आली की चारही शॉक खालच्या टोकाला सोडतो, चेसिस स्टँडवर ठेवतो आणि अ‍ॅक्सल वर उचलून सोडून देतो. तो स्वतःच्या वजनाने विनासायास खाली पडला पाहिजे. मध्ये थबकला तर कुठेतरी अडतंय, आणि असं अडणारं सस्पेन्शन कितीही मऊ स्प्रिंग घातली तरी सुधारत नाही. बहुतेक वेळा रॉड एंडमधला (लिंकच्या टोकाच्या सांध्यातला) बॉल घट्ट असतो, किंवा लिंकची दोन्ही टोकं एकमेकांशी तिरकी बसलेली असल्याने अ‍ॅक्सल वळला की एक टोक ब्रॅकेटला टेकतं. बॉल घट्ट असेल तर प्लास्टिकचा रॉड एंड पक्कडीने अगदी हलका दाबायचा, बॉल बोटाने फिरेल इतकाच. जास्त दाबला की तो खुळखुळा होतो आणि बदलावाच लागतो.

मग कॅलिपरने लिंकची लांबी, एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंत. डावी-उजवी जोडी सारखीच हवी; नाहीतर अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि गाडी एका बाजूला ओढते. एम३ (३ मिमी जाडीच्या स्क्रूच्या) आट्याचा पिच ०.५ मिमी, म्हणजे रॉड एंडच्या एका पूर्ण फेऱ्याला लांबी ०.५ मिमी बदलते, अर्ध्या फेऱ्याला ०.२५. यापेक्षा बारीक फरक करता येत नाही, कारण भोक सरळच राहायला हवं. पुढच्या अ‍ॅक्सलची वरची लिंक लांब केली की पिनियन (जिथे ड्राइव्हशाफ्ट जोडतो तो छोटा गिअर) वर उचलला जातो, ड्राइव्हशाफ्टचा, म्हणजे अ‍ॅक्सलला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा कोन सुधारतो, पण कॅस्टर (चाक ज्या खुंटीवर वळतं तिचा मागे असलेला कल) कमी होऊन स्टिअरिंग भरकटायला लागतं. गाडी उंच करून घेणाऱ्यांना हे आम्ही आधीच सांगतो. सर्व्हो (चाकं वळवणारी मोटर) चेसिसवर असेल तर पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) आणि स्टिअरिंगची लिंक शक्य तेवढ्या सारख्या लांबीच्या आणि समांतर हव्यात; नाहीतर सस्पेन्शन दबताच चाकं आपोआप वळतात.

स्प्रिंग निवडताना बॅटरी, बॉडी, चाकातली वजनं, सगळं जागेवर हवं. दोन टोकांत ९० मिमी आणि स्ट्रोक (रॉड आत-बाहेर सरकण्याचं अंतर) साधारण ३० मिमी असलेला शॉक गाडी जमिनीवर ठेवल्यावर १० ते १५ मिमी दबलेला आम्हाला आवडतो. शॉकला उघडायला तेवढी जागा हाताशी असली तरच चाक खड्ड्यात खाली पोहोचतं. गाडी फार बसते म्हणून प्रीलोडची (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी) रिंग आवळत राहणारे बरेच भेटतात. रिंगने गाडीची उंची वाढते, स्प्रिंगचा कडकपणा तसाच राहतो. चार-पाच फेऱ्यांनीही काम झालं नाही तर सरळ स्प्रिंग बदलावी.

चढावर पुढचं टोक हवेत उठत असेल तर पुढच्या शॉकच्या आत, पिस्टनच्या खाली रॉडवर ३ ते ५ मिमीचा नळीचा तुकडा घालतो. शॉक तेवढा कमी उघडतो आणि नाक खाली राहतं.

थ्रॉटल देताच चेसिस एका बाजूला पिळली जाते, ही जुन्या बांधणीच्या अ‍ॅक्सलवरची नेहमीची तक्रार. कारण ड्राइव्हशाफ्टमधला टॉर्क. २०१७ मध्ये आलेल्या ट्रॅक्सस टीआरएक्स-४ सारख्या पोर्टल अ‍ॅक्सलच्या गाड्यांत शेवटचं गिअर रिडक्शन चाकाजवळ असतं, त्यामुळे शाफ्टवर टॉर्क कमी येतो आणि पीळही कमी पडतो. साध्या अ‍ॅक्सलला आम्ही मागच्या स्प्रिंगची जोडी एक पायरी कडक करतो आणि वजन खाली नेतो: पितळी नकल (पुढचं चाक ज्यावर बसून वळतं तो भाग), चाकाच्या आतल्या रिंग. छतावर रॅक, डबे, टायर दिसतात फार देखणे, पण आडव्या उतारावर गाडी उलटते ती त्यांच्यामुळेच.

आता तेल. वेट आणि सीएसटी (सेंटिस्टोक) ही तेलाच्या घट्टपणाची मापं. ३० वेट म्हणजे एका कंपनीत ३५० सीएसटी, दुसऱ्या कंपनीत वेगळंच, म्हणून आमच्या कार्डावर फक्त सीएसटी लिहितो. २०० ते ४०० मध्ये बहुतेक क्रॉलर बसतात. जास्त घट्ट तेलाने चाक कडेवरून उतरताना हवेत रेंगाळतं. फार पातळ असेल तर गाडी डुलत राहते. शॉक काठोकाठ भरून पिस्टन सावकाश वर-खाली करायचा, बुडबुडे वर यायला दहा मिनिटं द्यायची आणि झाकण लावताना रॉड अर्धा आत ठेवायचा, म्हणजे जादा तेल बाहेर पडतं. रॉड पूर्ण बाहेर ठेवून झाकण लावलं तर तो नंतर आत जायलाच नकार देतो. तेल सिलिकॉनचंच हवं. खनिज तेलाने सिलिकॉनच्या ओ-रिंग फुगतात.

शेवटची चाचणी ठोकळ्यांवर. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक ६० मिमी उंचावर ठेवायचं, मग उलट जोडी. टायर बॉडीला घासतो का, उरलेली दोन चाकं जमिनीला टेकतात का, आणि मुख्य म्हणजे पूर्ण उघडलेल्या बाजूला ड्राइव्हशाफ्टचे दोन भाग एकमेकांत पुरेसे अडकलेले राहतात का, हे पाहायचं. तिथे ५ मिमीपेक्षा कमी पकड उरली तर लांब शाफ्ट घातल्याशिवाय आम्ही गाडी देत नाही. सगळी मापं कार्डावर लिहून एक प्रत गाडीसोबत जाते. पुढच्या खेपेला आधी तीच ताडून पाहतो.