मोटर फिरतेय ना?

दसऱ्याच्या आसपास लक्ष्मी रोडवर "जुना द्या, नवा न्या"च्या पाट्या लागतात. आमच्या मिक्सरनं नेमका तोच मुहूर्त साधला. खोबरं वाटता वाटता जळक्या रबराचा वास आला. खाली मोटर गरगरतेय आणि भांड्यातलं पातं ढिम्म. लेकीनं फोनवर नवी मॉडेलं दाखवायला सुरुवात केली. आई म्हणाली, "मोटर फिरतेय ना? मग मिक्सर गेला कसा?"

दुरुस्तीवाल्या काकांनी नुसतं हात लावून निदान केलं : कपलर. मोटरच्या दांड्यावर बसणारं दातेरी चक्र. ते मोटरपेक्षा लेचंपेचं ठेवलेलं असतं ते मुद्दामच. पातं अडकलं, की दातांनी झिजायचं, तुटायचं आणि मोटर वाचवायची. काकांनी खालून पेचकसानं दांडा धरला, पकडीनं जुना कपलर काढला, नवा फिरवून बसवला. मग चटणीचं भांडं उलटं करून म्हणाले, "खालून काळं पाणी येतं ना? पात्याचा दांडा ज्यात फिरतो, तो बुश गेलाय." येत होतं. वर्षभर पुसत होतो.

आहे त्यात भागवायचं म्हटलं, की लोकांना काटकसर आठवते, आणि पुण्यात तर लगेच चिकटपणा. पण माळ्यावर श्रीखंडाचे रिकामे डबे रचून ठेवणं म्हणजे भागवणं नव्हे. (आमच्याकडे ते आहेत. झाकणं वेगळी, डबे वेगळे.) वस्तू वापरात राहायला हवी, आणि त्यासाठी घरात वस्तू असून भागत नाही, पेठेत माणूस लागतो. आजीचं पितळी पातेलं त्यामुळेच अडून बसलं होतं. भक्कम, पण कल्हई उडालेली. चिंचेची आमटी केली की कळकणार. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे भट्टीवर तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकून कापसाच्या बोळ्यानं फिरवलं, की धुराच्या लोटातून आतली बाजू चांदीसारखी उजळते. पूर्वी कल्हईवाला वाड्याच्या दारात यायचा. आता आपणच पातेलं पिशवीत घालून कसब्यातली तांबट आळी गाठायची.

सगळंच ताणू नये, हेही खरं. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, गॅसची नळी इथं माझा हात सढळ असतो. त्यांची मुदत संपली की नवं, आणि तेही ओरिजिनल.

मिक्सर पुन्हा चालू झाला, तरी लेकीचा नव्याचा हट्ट पुरता गेलेला नाही. त्यावर आईनं तोडगा काढलाय : आवडलेल्या मॉडेलचं नाव घेऊन आधी तपकीर गल्लीत, म्हणजे विजेच्या वस्तूंच्या बाजारात जायचं आणि त्याचा कपलर सुटा मिळतो का, ते विचारायचं. "मिळत असेल तर घे. हा बंद पडल्यावर."