‘ख’ रोपाचा गुंता सुटला. घात मोजपट्टीने केला होता

सोलॅनम (वांग्याची प्रजाती) मधली एकमेकांसारखी दिसणारी तीन रोपे, ‘क’, ‘ख’ आणि ‘ग’, कोणत्या जातींची हे मी ओळखत होतो. गेल्या तीन नोंदींत त्यांतल्या ज्या ‘ख’ने जीव मेटाकुटीला आणला होता, ते संकर नाही, अपवादात्मक नमुना नाही आणि सोलॅनम अमेरिकॅनम तर मुळीच नाही. ते सरळसाधे सोलॅनम नायग्रम आहे. ते या दोन जातींचे संकर असावे, हा माझा तर्क मी मागे घेत आहे. द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेली, इथे अमेरिकॅनम) आणि षट्‌गुणित (सहा संचांची, इथे नायग्रम) जातींची संतती सहसा वांझ निघते, मग ‘ख’च्या फळांत इतक्या भरदार बिया कशा, असे ज्यांनी विचारले होते, त्यांच्या प्रश्नाला मी तेव्हाच नीट उत्तर द्यायला हवे होते.

‘क’ आणि ‘ग’ यांच्याविषयी वाद नव्हताच. ‘क’ची काळी फळे आरशासारखी चकाकतात, पिकल्या फळावरचे निदल (फळाच्या देठाशी राहणारी फुलाची हिरवी दले) पूर्ण मागे वळलेले असतात आणि फळांचे देठ छत्रीच्या काड्यांसारखे एकाच बिंदूतून निघतात, म्हणजे अमेरिकॅनम. ‘ग’ची फळे नारिंगी झाली, म्हणजे ते सोलॅनम व्हिलोसम, आणि तो प्रश्न तिथेच मिटला. ‘ख’ मात्र प्रत्येक कसोटीवर अर्धवट उत्तर देत होते. फळ काळे पण मंद, निदल धड चिकटलेले नाहीत आणि धड वळलेले नाहीत, फुलोरा छत्रीसारखा, आणि परागकोशांची (फुलातील पराग धरणाऱ्या पिशव्यांची) लांबी १.४ मिमी. या शेवटच्या आकड्यानेच मला फसवले. नायग्रमचे परागकोश साधारण १.८ ते २.५ मिमी असतात, अमेरिकॅनमचे बहुधा दीडच्या आतच राहतात. त्यामुळे बाकीची लक्षणे काहीही सांगत असली तरी मी या मापालाच चिकटून बसलो.

मापावरचा विश्वास प्रथम डळमळला तो फळे चिरडताना. पिकलेले फळ पांढऱ्या कागदावर दाबून गर पाण्याने हलकेच पसरवला, की चपट्या बियांमध्ये काही वेळा बारीक, गोल, फिकट कण दिसतात. ते कच्च्या बिया नसून अश्मपेशींचे कण असतात; नखाखाली धरले तर वाळूसारखे कचकचतात. ‘क’च्या सहा फळांत ते दर फळामागे चार ते सहा सापडले. ‘ख’ची मी आठ फळे चिरडली, गर अक्षरशः सुईने विंचरून काढला, पण एकही कण मिळाला नाही. नायग्रमच्या फळात हे कण नसतात. म्हणजे परागकोश एका जातीकडे बोट दाखवत होते आणि फळ दुसरीकडे. मग बिया मोजल्या, तर त्या १.५ मिमी भरल्या, म्हणजे पुन्हा अमेरिकॅनमच्या बाजूला. दोन मापे एकमेकांना दुजोरा देत असल्याने मी आणखी दोन आठवडे भरकटलो. दोन्ही मापे एकाच पट्टीने घेतली होती, हे मात्र ध्यानातच आले नाही.

खुलासा झाला तो निव्वळ आळसामुळे. पारदर्शक पट्टी शोधायचा कंटाळा आला म्हणून परागकोश थेट आलेख कागदावर ठेवून दहापट भिंगातून पाहिला, आणि तो मिलिमीटरच्या जवळजवळ दोन चौकटी व्यापून बसलेला दिसला. मग पट्टीच त्या कागदावर ठेवली. पाच मिमी म्हणून छापलेली तिची लांबी प्रत्यक्षात साडेसहाच्या आसपास निघाली. विक्रेत्याचे नाव इथे लिहीत नाही, पण ‘प्रयोगशाळेच्या दर्जाची’ असे लिहून मापनपट्टी विकणाऱ्याने ती एकदा तरी दुसऱ्या पट्टीशेजारी ठेवून पाहायला हवी होती, अर्थात मीही. आलेख कागदावर ‘ख’चे परागकोश १.८ ते १.९ आणि बिया जवळजवळ २ मिमी भरल्या. ‘क’चे परागकोश १.३ आणि बिया १.४, म्हणजे तो निर्णय कायम राहिला.

फुलोऱ्याची अडचणही आता दूर झाली आहे. मी नेहमी नुकतीच फुले उमललेला घोस पाहत होतो, आणि त्या वयात नायग्रमचा दांडा इतका आखूड असतो की देठ एकत्र आल्यासारखे वाटतात. त्याच फांदीवर खाली असलेल्या, फळे पिकलेल्या घोसात दांडा लांबलेला असून देठ एकामागोमाग थोड्या अंतराने निघालेले स्पष्ट दिसतात. यापुढे मी सर्वांत जुना घोस पाहिल्याशिवाय मत देणार नाही. फळाच्या चकाकीवरही पूर्वीइतका भर देणार नाही, कारण दवाने ओले झालेले कोणतेही काळे फळ चकाकते. लवेचा उपयोग तर या दोघांना वेगळे करण्यासाठी जवळजवळ नाहीच. नायग्रममध्येच ग्रंथियुक्त (टोकाशी स्राव करणाऱ्या ग्रंथी असलेल्या) आणि ग्रंथिरहित अशा दोन्ही लवेचे उपप्रकार आहेत.

या गोंधळात एक सुखद क्षणही वाट्याला आला. परागकोश टोकाच्या छिद्रांनी उघडतात हे सोलॅनमचे लक्षण आपण नेहमी लिहितो, पण ‘ख’च्या एकाच घोसात मला त्याचे दोन्ही टप्पे दिसले, ताज्या फुलात टोकाशी दोन गोल छिद्रे, तर उतरत्या फुलात तीच लांबत जाऊन झालेली चीर. स्वरित्र (आपटल्यावर कंप पावून सूर देणारा धातूचा चिमटा) वाजवून ताज्या फुलाला टेकवले, तेव्हा खालच्या काळ्या कागदावर पिवळी धूळ भुरभुरली. भिंगाविषयी इतकेच सांगतो की हे सारे साध्या दहापट भिंगातून दिसले. दिव्याचे, साठपट म्हणून मिरवणारे भिंग माझ्याकडे आहे, पण त्यातून फक्त कडांचे इंद्रधनुष्य दिसते.

मुळांच्या टोकांतील गुणसूत्रे मोजून (अमेरिकॅनमची २४, व्हिलोसमची ४८, नायग्रमची ७२) पक्का पुरावा मिळवायचा, असे मी ठरवले होते. पण हे लिहितानाच वाटले की त्याआधी तिन्ही जातींच्या बिया एकाच मातीत आणि सारख्या कुंड्यांत लावून निम्म्या उन्हात व निम्म्या सावलीत वाढवाव्यात. पानांच्या कडा आणि रोपाची ठेवण प्रकाशाने किती बदलते हे एकदा डोळ्यांसमोर आले, म्हणजे कोणत्या लक्षणाला किती वजन द्यायचे ते कळेल. त्यामुळे गुणसूत्रे रंगवायच्या रंजकद्रव्याची मागणी सध्या थांबवली आहे.

जुन्या नोंदींतील मिलिमीटरचे सर्व आकडे कृपया रद्द समजावेत. त्यांना सरसकट १.३ ने गुणूनही भागणार नाही, कारण पट्टीवरच्या खुणांमधील अंतरही सारखे नाही. गुणोत्तरे मी जिथे फोटोवरून काढली होती, ती मात्र शाबूत आहेत. जुन्या नोंदीत दिलेला चिरबोटी आणि अश्वगंधा यांतील भेदही सुरक्षित आहे, कारण तो मापांवर नव्हे, तर चिरबोटीची एकेकटी फुले आणि अश्वगंधेचे पानांच्या बगलेतील घोस व फांद्या फुटलेली लव यांवर बेतलेला होता. दोन्हींच्या निदलांची फुगीर पिशवी पाहून ज्यांची गल्लत झाली होती, त्यांनी ती नोंद निर्धास्तपणे वापरावी. फेरमोजणीला उद्या सकाळी फुले उमलल्यावर चिरबोटीपासून सुरुवात करत आहे, या वेळी दोन निरनिराळ्या पट्ट्या घेऊन.