शिंप्याची तारीख

शिंपी कधीही ठरलेल्या दिवशी कपडे देत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि ती पुष्कळदा खरीही असते. पण कपडे टाकताना खरी तारीख सांगणारी गिऱ्हाइके किती असतात, हे पाहायचे असेल तर तुळशीच्या लग्नानंतर एखाद्या लेडीज टेलरच्या दुकानातील बाकावर अर्धा तास बसावे. कार्य महिनाअखेरीला असते आणि ‘मास्तर, पंधरा तारखेच्या आत हवेच बरं का!’ असे बजावले जाते, कारण शिंपी उशीर करणारच हे आपण धरून चाललेलो असतो. मास्तरही काही कालचे नसतात. सांगितलेल्या तारखेत ते मनातल्या मनात आठवडा मिळवतात आणि पावतीवर एक तारीख लिहून स्वतःच्या वहीत दुसरीच मांडतात. या देवघेवीत खरा बळी जातो तो प्रामाणिक गिऱ्हाइकाचा, कारण त्याच्या खऱ्या तारखेतही तोच आठवडा मिळवला जातो.

‘झालंच आहे, फक्त हुक लावायचे राहिलेत’ या प्रसिद्ध वाक्यामागेही असाच इतिहास असतो. शिवून तयार झालेले कपडे न्यायला लोक महिनोन्महिने फिरकत नाहीत. शिलाई अडकून पडते आणि कपाट भरत जाते. हुक, काजे, हातशिलाई ही कामे बहुधा बाहेरच्या बायकांकडून नगावर करून घेतली जातात व त्यांचे पैसे रोख मोजावे लागतात. मग गिऱ्हाईक प्रत्यक्ष दारात उभे राहीपर्यंत हुक कशाला लावायचे, असा हिशेब मास्तरांनी केला तर त्यांना फार दोष देता येत नाही.

अस्तराची कथा तर अधिक बोलकी आहे. सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटते, वरचे रेशमी कापड तितके आटत नाही, आणि ब्लाउजला चुण्या पडल्या की खापर शिवणीवर फुटते. अस्तर आधी भिजवून, वाळवून, मगच बेतायचे म्हणून जो शिंपी दोन दिवस जास्त मागतो, त्याच्याकडचे कापड उचलून बायका शेजारच्या दुकानात जातात. असे चार वेळा घडले की तोही भिजवायचे सोडून देतो. पैठणीच्या अंगच्या ब्लाउजपीसचे तर कापड चुकले तर पुन्हा मिळणे नाही. तरी ते जुन्या, घट्ट झालेल्या मापाच्या ब्लाउजसह शेजारणीबरोबर पाठवले जाते आणि वर ‘नेहमीसारखाच शिवा, पण थोडा सैल’ असा निरोप असतो.

शिंपी निर्दोष आहेत असे मुळीच नाही. दिवाळीच्या तोंडावर हाताबाहेर काम घेण्याचा मोह त्यांना आवरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला, त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि पैसे घेऊन सेवा देणाऱ्याला जाब विचारण्याची सोय त्यात आहे, हे उत्तमच. लग्नाची तारीख अलीकडे ओढणाऱ्या ग्राहकासाठी मात्र त्यात कलम नाही. असते तर निम्म्या लग्नघरांना नोटिसा गेल्या असत्या.

आमच्या भागातील एक शिक्षिका सांगितलेल्या दिवशी येतात, ब्लाउज तिथेच घालून पाहतात, मुंढ्यात ओढ बसत असेल तर तेथे टाचणी लावून दाखवतात आणि पैसे चुकते करून जातात. कारीगर गावी गेला की मास्तर त्यांना आपण होऊन फोन करतात. ‘ओळखीचं गिऱ्हाईक दिसतंय,’ असे बाकावरच्या बायका कुजबुजतात. ओळख एवढीच, आणि शिलाईचा दर बाईंनाही सगळ्यांसारखाच पडतो.