भरडा, गर आणि मेळाव्यातले प्रश्न

पत्र्याची एक शेड, एक हॅमर मिल, दोन चाळण्या आणि वाळवणीचा ओटा, एवढाच आमचा कारखाना. मालही एकच: निंबोळी, म्हणजे कडुनिंबाचं बी. तिचा अर्क किडीसाठी पिकावर फवारतात. सुरुवातीला अख्खी निंबोळी दळून बारीक पावडर विकायचो. आता सोललेला गर, म्हणजे टरफलाच्या आतला दाणा, आणि त्याचा जाडसर भरडा विकतो. मधले सगळे बदल यवतमाळ-वर्ध्याकडच्या सेंद्रिय कापूस-तूर शेतकऱ्यांच्या उन्हाळी मेळाव्यांत ठरत गेले. मंडपातली भाषणं सोडून द्या. खरं काम जेवणानंतर झाडाखाली चालतं. जो तो आपली मूठभर निंबोळी आणि अर्काची बाटली काढून समोर ठेवतो.

पहिला घोळ तिथेच उघडा पडला. सगळेच ‘५ टक्के अर्क’ म्हणायचे, पण पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, एकाला गुण यायचा, दुसऱ्याला नाही. बाटल्या शेजारी ठेवल्या, तर एकीतला अर्क दुधासारखा आणि दुसरीतला चहाच्या पाण्यासारखा. पहिल्याने १०० लिटरला ५ किलो गर घेतला होता, दुसऱ्याने आमची टरफलासकट पावडर. वाळक्या निंबोळीत गर वजनाने साधारण निम्माच, आणि किडीवर काम करणारं द्रव्य, ॲझाडिरॅक्टिन, असतं ते गरात. म्हणजे आमच्या ५ किलोच्या पिशवीत उपयोगाचा माल अडीच किलोच्या आसपास. तेव्हापासून टरफल वेगळं काढतो. भाव अर्थातच चढला. टरफलासकट माल आजही मिळतो, पण पिशवीवर तसं ठळक छापलेलं असतं.

दुसरी अडचण बुरशीची. विदर्भात निंबोळी पिकते आणि पाऊस सुरू होतो, दोन्ही एकदमच. झाडाखाली ओल्या मातीत दोन-तीन दिवस पडलेली निंबोळी वरून ठीक दिसते. फोडली की गर काळपट आणि कुबट. म्हणून खरेदीच्या वेळी दर पोत्यातून २० बिया फोडतो. गर हिरवट-पिवळसर हवा, कागदावर दाबला की तेलाचा डाग उमटला पाहिजे. झाडाखाली जुनं कापड अंथरून रोज वेचलेल्या मालाला जास्त भाव देतो. वेचल्या दिवशीच पाण्यात चोळून साल आणि तिच्याखालचा मऊ गीर काढायचा, एखादं ऊन द्यायचं आणि पुढे सावलीत पातळ थरात वाळवायचं. भरायचं गोणपाटात. प्लास्टिकच्या पोत्यात घाम धरतो आणि केलेली मेहनत महिन्यात मातीत जाते.

दळणाचं आम्हीच चुकत होतो. बारीक पावडर गिऱ्हाइकाला आवडते म्हणून बारीक चाळणी लावायचो. गरातलं तेल सुटून चाळणी बुजायची, मिल तापायची आणि पिशवीत गोळे व्हायचे. आता सकाळच्या गारव्यात, थांबून थांबून, रव्यापेक्षा जाड भरडा काढतो. तोही मागणीपुरताच, कारण भरडलेला माल गरापेक्षा लवकर उतरतो. गेल्या हंगामाचा माल कुणाला पुढच्या पावसाळ्यात वापरायचा असेल, तर तो आम्ही देत नाही.

अर्क करायची रीत सगळ्यांना ठाऊक असते: ५ किलो भरडा १० लिटर पाण्यात १२ तास, ढवळून दुहेरी फडक्यातून गाळायचा, २०० ग्रॅम साबणाचं पाणी घालून एकूण १०० लिटर करायचं. गफलत वेळेची होते. रात्री भिजवलं की सकाळी फवारणी होते आणि दिवसभराच्या उन्हात अर्काचा जोर जातो. एका मेळाव्यात यावर साधा उपाय निघाला: पहाटे पाचला भिजवायचं, संध्याकाळी पाचला फवारायचं. बोअरचं जड पाणी हा वेगळाच ताप. त्यात साबण फुटतो आणि नोझल तुंबतो. तिथे रिठ्याची टरफलं भिजवून, कुस्करून काढलेलं पाणी चांगलं चालतं. पाणी अल्कधर्मी असेल तर अर्क लवकर निकामी होतो. पीएच पट्टी (पाण्याची आम्लता दाखवणारा कागद) लावून ६ च्या जवळ येईतो लिंबाचा रस घालावा आणि तयार अर्क त्याच दिवशी संपवावा.

‘सकाळी अळ्या मेलेल्या दिसल्या नाहीत,’ ही तक्रार दर वर्षी येते. दिसणारही नाहीत. निंबोळीने अळीचं खाणं तुटतं आणि कात टाकणं बिघडतं. उपयोग अंडी आणि लहान अळीवर, तोही ७ ते १० दिवसांनी पुन्हा फवारलं तर. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीला ती काही करत नाही. त्यासाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे, आधीच लावलेले हवेत. सलग तीन रात्री सापळ्यात ८-८ पतंग आले की धोका समजायचा. हे सगळं आम्ही तोंडी सांगतो, पिशवीवर छापत नाही. किडीचं नाव टाकून विकायचं तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते, तो खर्च एवढ्याशा शेडला झेपणारा नाही.

सध्या कापडी पुडीवर काम चालू आहे. १५ लिटरच्या पंपाला ७५० ग्रॅम भरडा लागतो, तेवढाच पुडीत भरून थेट भिजवायचा, म्हणजे गाळणं वाचतं. गच्च भरलेली पुडी फोडली तर मधला भरडा कोरडाच निघाला. अर्धीच भरून, दोन-तीनदा पिळून पाहिली तेव्हा पाणी पांढरं झालं. कापड कोणतं घ्यायचं ते अजून पक्कं नाही. मांजरपाट लवकर सोडत नाही, मलमलीतून चोथा येतो. दोन्ही प्रकारच्या पुड्या येत्या मेळाव्यात वापरायला देणार आहोत.