किक वॅक्सच्या नोंदी: अंशांआधी बर्फाचं वय

या हंगामात क्लासिक स्कीच्या किक वॅक्सचं, म्हणजे पाय मागे ढकलताना बर्फात पकड यावी म्हणून स्कीच्या मधल्या भागाच्या तळाला लावायच्या मेणाचं, गणित बऱ्यापैकी जुळत आलंय. वहीतल्या रकान्यांचा क्रम बदलला, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. आधी बर्फ ताजा की जुना, मग बर्फाचं तापमान, आणि हवेचं शेवटी.

कारण उणे तीनला काल पडलेला बर्फ आणि वितळून पुन्हा गोठलेला बर्फ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ताज्या कणांना टोकं असतात, ती वॅक्समध्ये रुततात आणि पकड देतात. जुने कण झिजून गोल झालेले, त्यांना वॅक्स जास्त मऊ लागतं. डब्यावर म्हणूनच दोन वेगळे तापमान-पट्टे छापलेले असतात. पार बर्फाळ, कडक ट्रॅक असला की डबे बाजूला ठेवून सरळ क्लिस्टर, म्हणजे मधासारखं घट्ट, चिकट वॅक्स. ते चिकट प्रकरण कुणालाच आवडत नाही, पण पर्याय नाही. फासल्यावर स्की बाहेर ठेवून पूर्ण गार होऊ द्यायची आणि मगच निघायचं.

थर्मामीटर सावलीत, बर्फाच्या वरच्या थरात खुपसायचा. हवा अधिक चार असली तरी बर्फ शून्याच्या वर जात नाही, आणि शून्यावर किती पाणी धरलंय हे थर्मामीटर सांगत नाही. ते मूठ सांगते: बर्फ पिठीसारखा भुरभुरला तर कोरडा, गोळा वळला तर ओलसर, गोळ्यातून पाणी निथळलं तर क्लिस्टरचा दिवस.

खरी डोकेदुखी शून्याच्या आसपासच्या ताज्या बर्फाची. वॅक्स जरा मऊ झालं की पायाखाली बर्फाचे गठ्ठे धरतात, जरा कडक झालं की चढावर स्की मागे घसरते. त्यात झाडांच्या सावलीतला ट्रॅक एक आणि उन्हातला दुसराच! सध्या सुरुवात कडक बाजूने करायची असं ठरवलंय. पातळ थर, प्रत्येक थर कॉर्कच्या ठोकळ्याने घासून एकजीव. पकड कमी वाटली तर आधी त्याच वॅक्सचा आणखी एक थर, मग वॅक्स लावलेला पट्टा थोडा पुढे वाढवायचा, आणि तरीही भागलं नाही तरच मऊ रंग (वॅक्स किती मऊ ते रंगावरून कळतं). कडकावर मऊ बसतं, मऊवर कडक धड पसरतच नाही, म्हणून हा क्रम. गठ्ठे थांबतच नसतील तर वॅक्सचा नाद सोडून किक झोनचा, म्हणजे किक वॅक्स लावायच्या मधल्या भागाचा, तळ सँडपेपरने खरखरीत करणं बरं.

ग्लाइडचं, म्हणजे स्की सहज घसरावी म्हणून लावायच्या वॅक्सचं, फार लिहिण्यासारखं नाही. थंड, टोकदार बर्फाला कडक वॅक्स; ओल्या बर्फात पाण्याने तळ चिकटून ओढ बसते, तिथे वॅक्सपेक्षा तळावरच्या बारीक रेघा जास्त काम करतात. फ्लोरिनवाल्या वॅक्सवर एफआयएसने (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने) २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धांत पूर्ण बंदी घातली, तेव्हापासून तर या रेघांना आणखीच भाव आलाय. ते रसायन निसर्गात वर्षानुवर्षं टिकतं, गेलं ते बरंच झालं. ग्लाइड वॅक्स वितळवून लावायची इस्त्री धुरावली की ती जास्त तापलीय, लगेच उचलायची.

पुढचा प्रयोग खरबरीत जुन्या ट्रॅकसाठी: खाली निळ्या क्लिस्टरचा पातळ थर, तो गोठला की वर जांभळं किक वॅक्स. जांभळं किती अंतर तग धरतं ते मोजायचंय.